सणावरून ठेवलेली नावं

आमच्या घरात मुलाचं नाव शोधावं लागत नसे. मूल ज्या सणाला किंवा सणाच्या आसपास जन्मेल, त्या सणावरून त्याचं नाव ठरे. ही पद्धत माझ्या आजोबांनी घातली. नावावरून बायकांत रुसवेफुगवे होतात, सण मात्र सगळ्यांचाच असतो, असं त्यांचं म्हणणं असल्याचं मी ऐकून आहे. मी त्यांना पाहिलेलं नाही. थोरले काका बसव जयंतीचे, म्हणून बसवराज. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, महाशिवरात्रीचे, म्हणून महादेव. आत्या गौरी आल्या त्या दिवशीची, म्हणून गौरी. मी नागपंचमीची, म्हणून पंचमी. शाळेत हजेरी घेताना नव्या बाई माझ्या नावापाशी हमखास थांबत आणि चष्म्यावरून बघत. मला त्याचा राग यायचा नाही. उलट आपल्याला कॅलेंडरात स्वतःची अशी जागा आहे, असं वाटायचं.

सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं तीन खोल्यांचं घर होतं आणि नव्या पेठेत चादरी आणि टॉवेलच्या कापडाचं दुकान. दुकान काका आणि आप्पा दोघांचं, पण बोलायचे काका आणि मोजायचे आप्पा. आप्पा मोजायला लागले की हातातली मोजपट्टी आणि ओठ एकत्र हलत. एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही. गिऱ्हाईक म्हणे, “द्या की ओ सैल हातानं,” तर आप्पा म्हणत, “हात सैल केला तर उद्या तुमीच म्हणाल, मागच्या वेळी जास्त मिळालं होतं.” घरी ते जवळपास बोलत नसत. सकाळी भाकऱ्या थापल्याचा आवाज, शेजारच्या मागाचा खटखट आवाज, आणि आईचं एकटीचं बोलणं, हे आमच्या घराचे आवाज. आई मंद्रूपची, शेतकऱ्याच्या घरातली. तिचं बोलणं लग्नाला चौदा वर्षं होऊनही मंद्रूपचंच राहिलं होतं. काकांना ते खटकायचं. आई म्हणायची, “मी काय दुकानात उभी ऱ्हाणार हाय व्हय? भांड्यास्नी कळतंय माजं बोलणं, बास झालं.”

त्या हिवाळ्यात आई बाळंतपणासाठी माहेरी गेली. मी बारा वर्षांची होते. माझ्यानंतर घरात मूल नव्हतं. मधे दोन वेळा आशा लागली आणि गेली, हे मला पुढे मोठेपणी कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं, की या वेळी घरातले सगळे हळू आवाजात बोलतात. आई गेल्यावर स्वयंपाक काकूंकडे गेला आणि आमटी पातळ झाली. मी रोज शाळेतून आल्यावर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरापुढे उभी राहून येणाऱ्या सणांवरून नावं काढून बघायची. संक्रांत पुढे दिसत होती. त्या पानावर तिच्या अलीकडे मला काहीच सापडत नव्हतं, कारण एका चौकोनात छापलेल्या काळ्या गोळ्याकडे मी सण म्हणून बघतच नव्हते.

तो काळा गोळा म्हणजे वेळ अमावस्या. मंद्रूपकडे तिला येळवस म्हणतात. सोलापूरच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या अंगाला, या दिवशी गावात माणूस सापडत नाही. सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून त्यांची खोप करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, वर नवी शाल घालतात आणि जमिनीची पूजा करतात. ज्याला रान नाही त्याला रानवाला हात धरून नेतो. मामांनी त्या वर्षी आप्पांना आग्रहाचा निरोप धाडला होता, “दाजी, येळवशीला याच. ताईला बी बरं वाटंल.” अमावस्येला दुकानात तसंही गिऱ्हाईक कमी. आप्पा मला घेऊन सकाळच्या एसटीनं निघाले.

आईला मी मामांच्या घरी अर्धा तासच पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती आणि पाय सुजले होते. “रानात जा. भज्जी खाऊन ये. माज्या वाटची बी खा,” म्हणाली. मग मामांनी मला बैलगाडीत घातलं.

त्या जेवणाची चव माझ्या जिभेवर अजून आहे, आणि ती पुन्हा कुठेच मिळाली नाही, असं मी म्हणणार नाही. मिळते. मी दर वर्षी जाते. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, वांगी, गाजर, हाताला लागेल ती पालेभाजी, हे सगळं डाळीच्या पिठात आणि चिंचेत शिजवलेलं असतं. त्याच्याबरोबर बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे वाफवलेले गोळे. आणि मडक्यात आदल्या दिवसापासून मुरलेली, लसूण घातलेली ताकातली आंबील. मामांनी आंबिलीचं मडकं उचललं, खोपीभोवती फेऱ्या घातल्या, आणि कडुलिंबाच्या डहाळीनं पिकावर आंबील शिंपडत कन्नडमध्ये आरोळी दिली. शेजारच्या रानातून तशीच आरोळी आली. मग त्याच्या पलीकडच्या. तिन्ही दिशांनी ज्वारीच्या वरून आवाज येत होते आणि माणसं दिसत नव्हती.

पंगत बसली. आप्पांनी आंबिलीची वाटी तोंडाला लावली होती, तेवढ्यात बांधावरून मामी पळत येताना दिसली. ती मागून जेवणाची दुसरी पाटी घेऊन येणार होती, पण तिच्या डोक्यावर पाटी नव्हती.

“पोरगी झाली!” मामी लांबूनच ओरडली. “दोघी बी बऱ्या हायत! आत्ताच, साडेबाराला!”

मामांनी पुन्हा आरोळी दिली. शेजारच्या रानातले चार जण ज्वारीतून वाट काढत आले आणि आप्पांच्या पाठीवर थापा मारू लागले. “नशीब काढलंसा दाजी! येळवशीला लक्ष्मी!” सगळे हसत होते. आप्पा वाटी धरून तसेच बसले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“आज?”

“आता आज न्हाई तर काय उद्या व्हय?” मामी म्हणाली आणि बायका आणखी हसल्या.

आप्पांनी वाटी खाली ठेवली. हात धुतले. मला म्हणाले, “चल. दुकान उघडं आहे.” दुकान उघडं होतं हे खरं. पण काका होते तिथे. मामा म्हणाले, “दाजी, बघून तरी जावा की.” आप्पा म्हणाले, “नंतर येतो.” आम्ही बांधावरून चालत गावात आलो. एसटीच्या थांब्याकडे जायची वाट मामांच्या दारावरून होती. दार अर्धवट लावलेलं होतं. आतून रडण्याचा आवाज येत होता, बारीक, थांबून थांबून. मी आप्पांचा हात ओढला. त्यांनी हात सोडला नाही आणि पाऊलही थांबवलं नाही. पुढे चाळीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं. कोणी काय केलं एवढंच लिहायचं, का केलं ते स्वतःच्या मनानं लिहायचं नाही, हे तिथे शिकले. आप्पांच्या बाबतीत मला तेच सोयीचं वाटतं. ते थांबले नाहीत.

का, ते त्याच संध्याकाळी घरी समजलं. अमावस्येला जन्मलेलं मूल घराला जड असतं, त्याची शांत करावी लागते आणि ती होईपर्यंत बापानं त्याचं तोंड बघायचं नसतं, असं काका म्हणाले. आप्पांना ते आधीपासून माहीत होतं. आमच्या लिंगायत घरात हे मानायला नको, असं म्हणणारे पेठेत पुष्कळ होते, आणि तेच पुष्कळ जण अमावस्येला नवं काम सुरू करत नसत. काकांनी सगळं नीट लावून दिलं. शांत महिन्यानं करायची. जन्म दुसऱ्या दिवशीचा, प्रतिपदेचा सांगायचा. ग्रामपंचायतीत मामांनी तीच तारीख लिहून घ्यायची. आणि नाव? जवळचा सण संक्रांत, म्हणजे तिळाचा. “तिलोत्तमा,” काका म्हणाले. “चांगलं, भारदस्त. पद्धत मोडत नाही आणि उद्या लग्नाच्या वेळी कोणी बोट दाखवत नाही.”

आप्पांनी मान हलवली. एका बोटाची फसवणूक न करणारा माणूस पूर्ण दिवस सरकवायला तयार झाला. हे वाक्य आत्ताचं आहे. त्या वेळी मला तिलोत्तमा हे नाव आवडलं होतं आणि आई लवकर घरी यावी एवढंच मला हवं होतं.

आठवड्यानं मामा बाजाराला सोलापुरात आले आणि दुकानात डोकावले. मी शाळा सुटल्यावर तिथे पायरीवर बसलेली होते. काकांनी त्यांना तारखेचं सांगितलं. मामांनी डोक्याचा रुमाल काढून, झटकून, पुन्हा बांधला. मग म्हणाले, “तुमचा निरोप आलाच हुता. ताईला सांगितला. ती म्हणती, तारीख बदलायची आसंल तर पोरीला हितंच ऱ्हाऊ द्या. आन मी बी हितंच ऱ्हाते.”

“असं कसं?” काका म्हणाले.

“ते मला न्हाई ठावं. ती म्हणती, ज्या दिवशी आमच्या बैलास्नी बी औताची सुट्टी असती, त्यो दिवस वंगाळ कसा?” मामा आप्पांकडे वळले. “दाजी, बारसं रविवारी हाय. गौरीताईंला घिऊन या. नाव आत्यानंच ठेवायचं असतंय.”

आप्पा चादरीची घडी घालत होते. घडी झाली, ती त्यांनी उलगडली आणि परत घातली. मी पायरीवर बसून हिशेब केला, की आई आली नाही तर माझं काय. मला सोलापुरात ठेवतील की मंद्रूपला, हे कोणी ठरवलेलं नव्हतं. त्या रात्री मी जेवले नाही आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

आत्या अक्कलकोटला दिली होती. धिप्पाड, मोठ्या आवाजाची बाई. काकांपेक्षा मोठी असल्यामुळे काका तिच्यापुढे जरा दबूनच बोलत. रविवारी ती, आप्पा आणि मी मंद्रूपला गेलो. काकांनी तिच्या हातात एक चिठ्ठी दिली होती, तिच्यावर नाव लिहिलेलं. “विसरशील म्हणून,” म्हणाले. आत्या म्हणाली, “तुझ्या लग्नाची तारीख मी विसरले नाही बसू, हे काय विसरते?” पण चिठ्ठी तिनं पोलक्यात खोचली.

मामांचं घर बायकांनी भरलं होतं. उकडलेल्या हरभऱ्याच्या घुगऱ्यांचा आणि वेखंडाचा वास येत होता. पुरुष बाहेर कट्ट्यावर बसले. आप्पांनी त्यातली दारापासून सगळ्यात लांबची जागा घेतली आणि पाठ दाराकडे केली. मी धावत आत गेले. बहीण मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. लाल होती आणि तिच्या कपाळावर केस होते. आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पण तिचं लक्ष आत्याकडे होतं.

“बा, बा, अक्का,” मामी आत्याला कन्नडमध्ये म्हणाली आणि पाट पुढे केला. आत्या बसली नाही.

“काय गं,” ती आईला म्हणाली, “तू येणार नाहीस म्हणे घरी.”

“यिईन की. माज्या लेकीला तिचा दिवस द्या, लगेच यिते.” आईचा आवाज वर गेला नाही. “ती जलमली तवा सगळं रान आरडत हुतं. समद्या गावाला ठाव हाय. ह्या बायास्नी इचारा. आन मी सोलापुरात जाऊन सांगू, की न्हाई, ती दुसऱ्या दिवशीची? उद्या पोरगी मोठी हून हितं आली, तर गाव तिला खरं सांगंल आन आई खोटी ठरंल. मला न्हाई जमायचं त्ये.”

आत्यानं पोलक्यातून चिठ्ठी काढली, उलगडली, वाचली आणि मोठ्यानं हसली. तिचं हसणं बाहेर कट्ट्यावर सहज गेलं असणार.

“तिलोत्तमा! बसूला वाटतं, दादांची पद्धत तो राखतोय.” आजोबांना ही भावंडं दादा म्हणत. “अगं, दादांची पद्धत मला विचारा. मी गौरी कधीची? आल्या त्या दिवशीची, असं सांगतात. माझी आई सांगायची, मी गौरी गेल्या त्या दिवशी झाले. बोळवणीच्या दिवशीची पोरगी म्हणायला नको, म्हणून दादांनी मला दोन दिवस अलीकडे आणलं. बसू जयंती होऊन नऊ दिवसांनी झाला. आणि हा महादेव!” तिनं दाराकडे तोंड केलं. “शिवरात्रीचा उपास सोडून आठवडा झाला होता, तेव्हा आला हा! ऐकतोयस का रे महादेवा?”



मी विचारलं, “आणि मी?”

“तू? तू नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मीच होते तुझ्या आईजवळ. नागोबाचं दूध नासून गेलं होतं तोवर.”

बायका इतक्या हसल्या, की बाळ दचकलं. मला मात्र हसू आलं नाही. शाळेच्या दाखल्यावर माझी तारीख नागपंचमीची होती. पुढे ती नोकरीच्या कागदांवर गेली, आणि आज निवृत्तिवेतनाच्या कागदांवर आहे. दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या तारखा तपासण्यात माझं आयुष्य गेलं. स्वतःची मी कधी बदलून घेतली नाही.

आत्या थांबली नव्हती. “या घरात सणाच्या दिवशी खराखुरा जन्मलेला जीव आजवर झाला नव्हता. पहिल्यांदा झालाय. आणि त्याचीच तारीख पुसायला निघालात!” मग ती मामीकडे वळली. “तुम्ही त्या दिवशी पूजा कुणाची करता गं?”

“रानाची की. काळ्या आईची.”

आत्यानं चिठ्ठी चुरगळून खिडकीतून बाहेर टाकली. मग ती पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि “कुर्रर्र” केलं. नाव ती कानात इतकं हळू म्हणाली, की कोणालाच ऐकू आलं नाही. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घालायला सुरुवात केली. “मोठ्यानं सांगा की ओ! आमास्नी न्हाई आयकू आलं!” मामीची बुक्की सगळ्यात जोरात होती.

“अगं मारता काय, सांगते!” आत्या पाठ वाचवत ओरडली. “वसुंधरा! येळवशीची वसुंधरा!”

“लई लांब हाय की,” कोणीतरी म्हणालं.

“मग वसू म्हणा!”

आईनं पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि मामीला म्हणाली, “घुगऱ्या वाट की. बाया उभ्या हायत.” ती रडत होती, हे मला त्या आवाजावरून कळलं.

घुगऱ्या वाटून झाल्या, बायका पांगल्या, आत्या मामीबरोबर चुलीपाशी गेली. तेव्हा आप्पा दारात आले. चौकटीला हात लावून उभे राहिले. आई पाळण्याची दोरी ओढत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“त्या दिवशी दारावरनं गेलासा,” ती म्हणाली. “चपलेचा आवाज वळकते मी.”

आप्पा चपला बाहेर काढून आत आले आणि पाळण्याशी उकिडवे बसले. काकांनी सांगितलेली शांत व्हायला अजून दोन आठवडे होते. त्यांनी पाळण्यात पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याचं वर्णन करू शकत नाही, कारण मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी बोटांनी बाळाची लांबी मोजल्यासारखं केलं, टाळूपासून टाचेपर्यंत, अंगाला न लावता. मग आईला विचारलं, “घरी कधी येतीस?”

“तारीख लिवून झाल्यावर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा मामांबरोबर ग्रामपंचायतीत गेले. तारीख अमावस्येची लिहिली गेली. नोंदवणाऱ्यानं विचारलं, म्हणून वेळही सांगितली. आई महिन्यानं घरी आली. शांत झाली नाही. काका काही दिवस जेवताना बोलले नाहीत. मग वसू हसायला लागली आणि ते बोलायला लागले.

त्या उन्हाळ्यात मी सुट्टी असल्यामुळे दुपारची दुकानात बसायची. अक्कलकोटकडचा एक म्हातारा शेतकरी नातवासाठी टॉवेलचं कापड घ्यायला आला होता. आप्पा मोजत होते. म्हाताऱ्यानं सहज विचारलं, “तुमास्नी लेकरं किती?”

“दोन मुली,” आप्पा म्हणाले. पट्टी हातात तशीच राहिली. कोणी विचारलेलं नसताना ते पुढे म्हणाले, “धाकटी येळवशीची. मंद्रूपला झाली. दुपारी साडेबाराला.”

“येळवशीची?” म्हाताऱ्यानं हात जोडून कपाळाला लावले. “लई भाग्याचे हायसा. पंगतीच्या येळंला म्हंजे.”

“हो. पंगतीतच होतो,” आप्पा म्हणाले. “तिथंच होतो मी. लगेच बघितली.”

गल्ल्यावर बसलेल्या काकांनी मान वर केली नाही. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेलांची थप्पी सरळ करत होते, ती करत राहिले. पुढे असलं वाक्य माझ्या टेबलावर आलं असतं, तर मी ते खोडलं असतं आणि बातमीदाराला बोलावून विचारलं असतं. आप्पा नंतर वीस वर्षं जगले आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ते तेच सांगत राहिले. मी ते एकदाही दुरुस्त केलं नाही.